जिम्नॅस्टची फिटनेस चाचणी: आकडा कुणाशी ताडायचा?

शालेय स्पर्धांत १४ वर्षांखालच्या मुलांचा गट एकच असतो. त्यातले तेरा वर्षांचे दोघे शेजारी उभे करून बघा. एकाला मिसरूड फुटलेली असते, दुसऱ्याचा आवाजही अजून फुटलेला नसतो. दोघांचे पुल-अप एकाच तक्त्यात मांडून पहिल्याला तगडा आणि दुसऱ्याला कच्चा म्हटलं, तर मोजली गेली ती वाढ. फिटनेस बाजूलाच राहिला. म्हणून चाचणीची सुरुवात भिंतीपाशी, उंचीपासून करायची.

आधी उंची

दर तीन महिन्यांनी आणि दर वेळी त्याच सुमाराला मोजा. दिवसभरात मणका दबतो, त्यामुळे सकाळची उंची संध्याकाळी सेंटिमीटरभर कमी भरू शकते. अनवाणी उभं करा, टाचा आणि पाठ भिंतीला, नजर समोर. डोक्यावर पट्टी आडवी धरू नका, ती हमखास कलते. सुताराचा गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, भिंतीला लावून खाली आणा. दोनदा मोजा, ०.४ सेमीपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजून मधला आकडा घ्या. ही काटेकोरी उगाच नाही. तीन महिन्यांच्या वाढीला चाराने गुणून वार्षिक वेग काढायचा असतो, तेव्हा अर्ध्या सेंटिमीटरची चूक दोन सेंटिमीटरची होते.

मग स्टुलावर बसवून बसती उंची घ्या आणि स्टुलाची उंची वजा करा. उभ्या उंचीतून ती वजा केली की पायांची लांबी मिळते. वाढीच्या झपाट्यात आधी पाय लांबतात, धड मागून येतं. लहान मुलं वर्षाला साधारण ५ ते ६ सेमी वाढतात. वेग ७ च्या वर गेला की झपाटा सुरू झाला असं धरा. सर्वसाधारण मुलींत त्याचा कळस बाराच्या आसपास येतो, मुलग्यांत चौदाच्या. जिम्नॅस्ट मुलंमुली बऱ्याचदा वर्गमित्रांपेक्षा उशिरा वाढतात, म्हणून जन्मतारखेवरून अंदाज बांधू नका.

चाचण्या, याच क्रमाने

पंधरा मिनिटं अंग गरम करा, पण लांब धरून ठेवायचे ताण नकोत. त्याने उडी कमी पडते. दोन चाचण्यांमध्ये तीन मिनिटं विश्रांती.

१. २० मीटर धाव, उभ्याने सुरुवात, दोन प्रयत्न.

२. उभ्या जागेवरून उंच उडी. बोटांना खडू लावून आधी उभ्याने भिंतीवर खूण, मग उडीची. तीन प्रयत्न. मुलं पहिल्या खुणेला खांदा चोरतात आणि फुकटचे ३-४ सेमी कमावतात. खांदा कानाला लागेपर्यंत हात ताणून घ्या.

३. पुल-अप, झोका न घेता. एकही निघत नसेल तर हात वाकवून, हनुवटी बारच्या वर ठेवून किती सेकंद लटकता येतं ते मोजा. शून्य या आकड्यातून काही कळत नाही. मात्र सेकंद आणि पुल-अप एका रकान्यात लिहू नका.

४. स्टॉल बारला (भिंतीवरच्या आडव्या दांड्यांच्या शिडीला) पाठ टेकून लटकणं, सरळ पाय हातांपर्यंत. गुडघा वाकला की मोजणी बंद.

५. हँडस्टँड, म्हणजे हातांवर उलटं उभं राहणं, जास्तीत जास्त ६० सेकंद. तळवा जागचा हलला की घड्याळ थांबवा.

६. लवचीकता शेवटी. स्प्लिटला (एक पाय पुढे, एक मागे पसरून बसताना) पुढची टाच ३० सेमी उंच ठोकळ्यावर ठेवून जांघ जमिनीपासून किती वर राहते ते मोजा. कंबर बाजूला वळली तर स्प्लिट खोटाच चांगला दिसतो. खांद्यांसाठी पालथं झोपवून, हनुवटी जमिनीला टेकवून, दोन्ही हातांत काठी वर उचलायला लावा. जमिनीपासूनच्या उंचीला हाताच्या लांबीने भागा, नाहीतर लांब हातवाल्याला आयते गुण मिळतात.

पहिल्यांदा हे सगळं एकाच आठवड्यात दोनदा घ्या. आकडा जेवढा आपोआप हलतो, तेवढ्या बदलाला पुढे प्रगती किंवा घसरण म्हणायचं नाही.

आकडे वाचताना

दहा वर्षांपर्यंत मुलगे-मुलींसाठी वेगळा तक्ता करायची गरज नाही. ताकदीतला फरक किरकोळ असतो, लवचीकतेत मुली थोड्या पुढे असतात. बारा वर्षांची सरावातली मुलगी त्याच वयाच्या मुलग्यापेक्षा सरस दिसली तर नवल वाटू नये.

पुढची वर्षं अवघड, आणि त्यामागे साधं गणित आहे. उंची १० टक्के वाढली आणि अंगाची ठेवण तशीच राहिली, तर वजन साधारण ३३ टक्के वाढतं, स्नायूच्या छेदाचं क्षेत्रफळ मात्र २१ टक्केच. स्वतःला उचलण्याची ताकद त्या मानाने सुमारे ९ टक्के घटते. कोलांटीत अंग फिरायला जो विरोध करतं, तो तर जवळपास १.६ पट होतो. काल येणारी उडी आज अर्धवट फिरते ती यामुळे. त्यात आळस शोधू नका.

समजा, एक मुलगी सहा महिन्यांत १३८ वरून १४२ सेमी झाली, वजन ३१ वरून ३४.५ किलो, पुल-अप ९ वरून ६. वेग वर्षाला ८ सेमी. ही घसरण धरायचीच नाही; प्रत्येक पुल-अपला ती साडेतीन किलो जास्त उचलते आहे. या काळात पुल-अप ३-४ च्या छोट्या सेटमध्ये, लागला तर रबर बँडचा आधार देऊन. कडक मॅटवरच्या लँडिंग कमी करा आणि नवीन गिरक्या पुढे ढकला. वजन कमी कर, हे तिला सांगण्यासारखी घोडचूक दुसरी नाही. वजन एकांतात घ्या आणि फळ्यावर कधीही लिहू नका. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही किंवा आलेली पाळी सलग तीन महिने थांबली, तर ‘खेळाडूंना असं होतंच’ म्हणून सोडू नका. डॉक्टरांकडे पाठवा.

मुलग्यांत आधी उंची वाढते, ताकद काही महिन्यांनी येते. मधल्या काळात तो लांबोडा, आखडलेला आणि कमजोर असतो. मग टेस्टोस्टेरॉनमुळे छाती-खांदे भरतात आणि मुलींपासूनचं अंतर झपाट्याने वाढतं, हातांत जास्त, पायांत कमी. पण सगळा फरक लिंगाचा समजू नका. पुरुषांच्या सहा साधनांपैकी पॉमेल हॉर्स, रिंग्ज, पॅरलल बार आणि हॉरिझाँटल बार ही चार हातांवर चालतात. मुलींच्या चारांपैकी फक्त अनईव्हन बार (कमी-जास्त उंचीचे दोन बार). जे रोज घोटलं जातं ते वाढतं. मुलींचे पुल-अप कमी दिसतात तेव्हा आठवड्यात त्यांना किती दिले होते, तेही वहीत बघा. उलट वयात आलेल्या मुलींच्या लँडिंगकडे डोळा ठेवा. गुडघे आत वळत असतील तर उडीची उंची वाढवण्याआधी ते सुधारा, कारण गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत त्यांच्यात जास्त होते.

झपाट्यात असलेल्या प्रत्येकाला तीन ठिकाणी दाबून विचारा. मनगट अंगठ्याच्या बाजूला दुखतं? हँडस्टँड आणि टंबलिंग बंद, एक्स-रे काढा. तिथल्या हाडाच्या वाढत्या टोकावर ताण आलेला असू शकतो. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर दुखते? उड्या कमी. एका पायावर उभं राहून मागे वाकताना कंबर दुखते? ब्रिज (मागे वाकून केलेली कमान) आणि बॅक वॉकओव्हर (त्याच कमानीतून मागे उलटणं) थांबवून डॉक्टरांना दाखवा.

विशीनंतर तक्त्यातला वयाचा रकाना जवळपास निरुपयोगी होतो. उझबेकिस्तानची जिम्नॅस्ट ओक्साना चुसोवितिना ४६ व्या वर्षी टोकियो ऑलिंपिकच्या व्हॉल्टवर उतरली, ते तिचं आठवं ऑलिंपिक. या वयात वॉर्म-अप लांबवा आणि कठीण लँडिंगच्या दोन दिवसांमध्ये जास्त अंतर ठेवा.

वहीत प्रत्येकाला स्वतंत्र पान द्या: तारीख, वेळ, उंची, बसती उंची, वजन, वाढीचा वेग, मग चाचण्या. तुलना त्याच पानावर वर-खाली करायची. स्पर्धेच्या आधीच्या पंधरवड्यात चाचणी घेऊ नका. दमलेल्या हातांचा आकडा कुणाच्याच कामाचा नसतो.