सबटायटल आणि डबिंग: या चुका टाळा

सबटायटल मागेपुढे व्हायला लागली की लोक लगेच डिले बदलत बसतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये जी नाहीतर एच दाबलं की सबटायटल 50 मिलिसेकंदांनी सरकतात, सोपं आहे म्हणून सगळे तेच करतात. अरे पण आधी बघा तरी, फरक सगळीकडे सारखाच आहे की वाढत चाललाय? सुरुवातीला 2 सेकंद आणि शेवटीही 2 सेकंद असेल तर डिले बदलून भागतं. वाढत असेल तर फ्रेम रेटची, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याची गडबड आहे. म्हणजे सबटायटलची फाइल 25 फ्रेमवाल्या व्हिडिओसाठी बनलेली आणि तुमच्याकडचा व्हिडिओ 23.976 चा. दोन तासांच्या फिल्मला शेवटी जवळजवळ 5 मिनिटांचा फरक पडतो.

एका स्क्रीनिंगला हेच झालं. ज्या पोराकडे काम होतं त्याने पहिला सीन लावला, जुळतंय म्हणाला आणि लॅपटॉप सोडून निघून गेला. अर्ध्या तासात वाक्यं मिनिटभर आधीच यायला लागली, मग तो धावत आला आणि एच दाबून धरलं, थोडा वेळ जुळायचं की परत पुढे. सस्पेन्स फिल्म होती, बाई दाराकडे चाललीये, दार उघडलंही नाही आणि बाहेर कोण उभंय ते खाली लिहून आलं! शेवटी मीच फिल्म थांबवायला लावली आणि सबटायटल एडिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट बदलून दिला, मिनिटभराचं काम होतं ते. मी कुठलीही फाइल लावली की सुरुवातीचा, मधला आणि शेवटाकडचा एकेक डायलॉग बघतोच. एवढाही धीर नसेल तर चार लोकांसमोर फिल्म लावायची जबाबदारी घेऊ नका.

दुसरी चूक म्हणजे डब ऑडिओ लावून खाली सबटायटल वाचायची आणि मग भाषांतर चुकलंय म्हणून ओरडायचं. दोन्ही जुळणारच नाहीत हो! डबिंगवाल्याला क्लोजअपमध्ये ओठ मिटले की तिथे प, ब, म असलेला शब्द बसवावा लागतो, आणि सबटायटलवाल्याला दोन ओळींत, वाचून होईल एवढ्या वेळात वाक्य संपवावं लागतं, त्यामुळे दोघंही वाक्य वेगवेगळ्या ठिकाणी कापतात. सबटायटल वाचायची असतील तर ऑडिओ ओरिजिनल ठेवा. डबच ऐकायचं असेल आणि त्याच डबवरून बनवलेलं सीसी (क्लोज्ड कॅप्शन, म्हणजे ऐकू येतं तेच शब्दशः लिहिलेलं) मिळत असेल तर ते लावा. आणि डब लावलं म्हणून सगळंच बंद करू नका, पडद्यावरची पत्रं, पाट्या, मध्येच कोणी तिसरी भाषा बोललं तर तेवढ्यापुरती फोर्स्ड सबटायटल असतात, ती चालू राहू द्या.

ब्लूटूथ हेडफोन लावून डबिंगच्या लिप-सिंकला नावं ठेवू नका, ब्लूटूथवर आवाजच उशिरा येऊ शकतो, आधी टीव्हीच्या स्पीकरवर ऐका.

डायलॉग दबलेत आणि म्युझिक मोठं येतंय? दोनच स्पीकर असतील तर 5.1 (सहा स्पीकरसाठीचा ट्रॅक) सोडून स्टिरिओ ट्रॅक निवडा.

देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर सबटायटलची फाइल यूटीएफ-8 (अक्षरं साठवायची एक पद्धत) मध्ये सेव्ह करून बघा, पण ओरिजिनल फाइलवरूनच, कारण प्रश्नचिन्हंच सेव्ह झालेली असतील तर ती अक्षरं परत येत नाहीत.