पुळणीवरून सड्यापर्यंत: हवेतील बाष्प रेडिओलहरी किती वाकवते ते कसे मोजावे

फेब्रुवारी-मार्चमध्ये एफएमवर एरवी नुसती खरखर असलेल्या जागी एखादे दूरचे केंद्र स्पष्ट लागते, तेव्हा ते श्रेय बहुधा समुद्रालगतच्या दमट हवेचे असते. पाण्याचा रेणू विद्युतदृष्ट्या एकांगी (एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला ऋण) असून रेडिओलहरीच्या विद्युतक्षेत्राबरोबर तो वळू शकतो; म्हणून खालची हवा दमट आणि वरची कोरडी असली की लहर जमिनीकडे वाकते.

मोजणीसाठी दोन साधे तापमापक पुरतात. एकाच्या फुग्याला मलमलीची ओली वात गुंडाळावी आणि पारा स्थिरावेपर्यंत हातपंख्याने वारा घालावा. वातीला शुद्ध पाणीच वापरावे; किनाऱ्यावर मीठ साचून ती ताठ झाली की बदलावी, कारण खारट वातीवरचे आकडे फसवे असतात. खारा वारा नुकताच सुटलेला असताना एक वाचन पुळणीवर आणि लगेच दुसरे सड्यावर, म्हणजे किनाऱ्यामागच्या कातळी पठारावर, झाडाच्या सावलीत, घ्यावे.

समजा, पुळणीवर कोरडा तापमापक २९ आणि ओला २५ अंश सेल्सिअस दाखवतो, तर १२० मीटर उंच सड्यावर ३१ आणि २२. प्रत्येक ठिकाणी कोरड्या व ओल्या तापमानांतील फरकाला हवेच्या दाबाने व ०.०००६६ ने गुणून येणारी संख्या ओल्या तापमानाच्या संपृक्त बाष्पदाबातून (त्या तापमानाला शक्य असलेल्या कमाल बाष्पदाबातून) वजा केली की बाष्पदाब मिळतो: खाली २९, वर साधारण २०.५ हेक्टोपास्कल. आता हवेची अपवर्तनशीलता, म्हणजे ती रेडिओलहरीचा वेग किती कमी करते त्याचे माप, काढावी: हवेचा दाब भागिले केल्विन तापमान, गुणिले ७७.६, त्यात बाष्पदाब भागिले तापमानाचा वर्ग, गुणिले ३,७३,००० मिळवावे. दाब खाली १०१०, वर ९९७ हेक्टोपास्कल धरल्यास उत्तरे सुमारे ३७८ आणि ३३७ येतात. या ४१ एककांच्या घसरणीत ३६ एकट्या बाष्पामुळे आहेत. तापमान आणि दाब यांचा वाटा जेमतेम पाचाचा.

किलोमीटरमागे ही घसरण ३४० च्या आसपास होते. नेहमीच्या हवेत ती ४० असते, आणि १५७ च्या पुढे गेली की लहरीचा बाक पृथ्वीच्या गोलाईपेक्षा जास्त होऊन ती खालच्या दमट थरात कोंडली जाते. मात्र थर पातळ असेल तर एफएमची तीन मीटर लांबीची लहर त्यात मावत नाही, सूक्ष्मलहरी मावतात.

दुपारी खारा वारा सड्यावरही पोहोचला की दोन्ही वाचने जवळ येतात. तरीही केंद्र ऐकू येत राहिले, तर गणित चुकले असे मानू नये. कोरड्या हवेची सीमा तेव्हा सड्याच्याही वर सरकलेली असू शकते.