ट्रॅक्टरला माती ओढण्याचे अवजार निवडताना: ब्लेड, लोडर की लेझर लेव्हलर

इंदूरच्या आसपास, म्हणजे सांवेर, देपालपूर, महू या पट्ट्यात ज्यांची काळी जमीन आहे, त्यांना सोयाबीन निघाल्यावर शेतात एक फेरी मारली की काम समोर दिसतेच. खालच्या कोपऱ्यात पाणी साचून पीक पिवळे पडलेले असते, नाल्याच्या तोंडाशी गाळ बसलेला असतो आणि शेतात जाणाऱ्या वाटेवर चाकांच्या गुडघाभर चाकोऱ्या पडलेल्या असतात. घरात ट्रॅक्टर असतो. त्यामागे पंजा किंवा रोटाव्हेटर चालवण्याची सवयही असते, पण माती हलवण्याचे अवजार घ्यायचे म्हटले की बहुतेक जण दुकानात उभे असलेले पहिले ब्लेड उचलून आणतात. आम्हीही तेच केले होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी काम नेमके कोणते आहे ते ठरवावे. माती जागच्या जागी, पंधरा-वीस मीटरच्या आत सरकवायची असेल, म्हणजे वाट सारखी करायची, बांध चढवायचा किंवा नालीतला गाळ बाजूला ओढायचा असेल, तर मागे लावायचे ब्लेड पुरते. माती, शेणखत किंवा तलावातला गाळ उचलून ट्रॉलीत भरायचा असेल, तर ब्लेड कितीही भारी घेतले तरी उपयोग नाही. तिथे पुढे बसणारे लोडरच हवे. आणि सगळ्या शेताची पातळी ठराविक उताराने बांधायची असेल, तर ते काम लेझर लेव्हलरचे आहे. ही तिन्ही कामे एकाच अवजाराने होतील असे कोणी सांगत असेल, तर त्याच्यावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि खरी चूक इथेच होते. मोबाईलवर बर्फाच्या देशांतले व्हिडिओ दिसतात. त्यांत लहानसा ट्रॅक्टर आठ फुटी ब्लेडने रस्ता भराभर मोकळा करत जातो. ते पाहून आपल्यालाही रुंद ब्लेड हवेसे वाटते. पण नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फाचे एक घनमीटर साधारण 100 किलो भरते, तर ओल्या काळ्या मातीचे तेवढेच आकारमान दीड टनाच्या वर जाते. शिवाय काळी माती ब्लेडला चिकटते. बर्फासारखी घरंगळून बाजूला पडत नाही. त्यामुळे रुंदी ठरवताना, समोर गोळा होणारी माती आपला ट्रॅक्टर ढकलू शकेल का, हाच प्रश्न विचारावा.

आमचा ट्रॅक्टर 39 एचपीचा आहे. विक्रेत्याने सात फुटी ब्लेड गळ्यात मारले आणि आम्ही ते ऑक्टोबरअखेर, वाफसा नीट आलेला नसताना, नाल्याकाठी लावले. वीस पावलांत मातीचा ढीग ब्लेडच्या वर आला आणि मागची चाके जागेवर फिरू लागली. आमच्याकडे वर्षानुवर्षे ट्रॅक्टर चालवणाऱ्या काकांनी गिअर बदलून पुन्हा जोर लावला, तेव्हा ब्लेडचा कोन धरणारी पिन वाकली. ती काढायला दुपार गेली, आणि चाकांनी घोटलेल्या त्या पट्ट्यात पुढे गहूही विरळ आला. ओली काळी माती दाबली गेली की विटेसारखी घट्ट होते, हे नुकसान पिनेपेक्षा मोठे होते. माझ्या अनुभवाने 35 ते 40 एचपीला पाच ते सहा फूट आणि 45 ते 50 एचपीला सहा ते सात फूट ब्लेड पुरेसे आहे, आणि तेही माती वाफशावर असतानाच. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि तो कमरेच्या उंचीवरून टाकावा. फुटला तर काम सुरू करावे, नुसता चपटा झाला तर चार दिवस थांबावे.

मात्र ब्लेड फार अरुंद घेऊनही चालत नाही. मागच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर टेपने मोजावे. 40 एचपीच्या आसपासच्या ट्रॅक्टरांत ते बहुधा साडेपाच ते पावणेसहा फूट भरते. सहा फुटी ब्लेड सरळ असताना हे अंतर झाकते, पण 30 अंशांत तिरके केले की त्याची रुंदी सव्वापाच फुटांवर येते आणि एका चाकाची चाकोरी तशीच उरते. म्हणून ज्या ब्लेडला तिरके करण्याबरोबरच बाजूला सरकवण्याचीही सोय आहे, तेच घ्यावे. खालची धार बोल्टने बसवलेली आणि उलटवता येणारी असावी. वेल्डिंग केलेली धार झिजली की पूर्ण ब्लेडच कापावे लागते.

चालवताना हायड्रॉलिकचा लिव्हर पोझिशन कंट्रोलवर, म्हणजे अवजार ठरवलेल्या उंचीवरच धरणाऱ्या सोयीवर, ठेवावा. ड्राफ्ट कंट्रोलवर ठेवल्यास मातीचा विरोध बदलेल तसे अवजार धरणारे ट्रॅक्टरमागचे हात वरखाली होतात आणि सपाट करायला घेतलेली वाट लाटालाटांची होते. खालच्या हातांच्या बाजूच्या साखळ्या ताणून घ्याव्यात. टॉप लिंक, म्हणजे अवजाराला वरून धरणारा दांडा, लांब-आखूड केली की धारेचा कोन बदलतो. एका वेळी दोन-तीन आटेच फिरवावेत, दहा मीटर चालवून बघावे आणि मग पुढचे ठरवावे.

लोडरचा विचार करणाऱ्यांनी बकेटच्या आकारावर भुलू नये. समजा बकेट 0.35 घनमीटरचे आहे. त्यात कुजलेले शेणखत भरले तर वजन अडीचशे किलोच्या आसपास राहील, पण तलावातला ओला गाळ भरला तर तेच सहाशे किलोंच्या घरात जाईल. हा सगळा भार पुढच्या अ‍ॅक्सलवर येतो, मागची चाके हलकी होऊन पकड सोडतात, आणि बकेट उंच असताना वळण घेतले तर ट्रॅक्टर कलंडू शकतो. म्हणून मागे वजन बांधणे, बकेट जमिनीलगत ठेवून चालणे आणि पॉवर स्टेअरिंग असणे या तीन गोष्टींत तडजोड करू नये. वर्षात आठ-दहा ट्रॉल्यांपेक्षा जास्त भरण्याचे काम नसेल, तर लोडर विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

लेझर लेव्हलर म्हणजे आपल्या आजोबांची, माती ओढून शेत सपाट करणारी बैलांची केणीच. फरक इतकाच की ती कधी उचलायची आणि कधी टेकवायची, हे आता माणसाच्या हाताऐवजी प्रकाशाचा किरण ठरवतो. शेताच्या कडेला तिवईवर किरण फेकणारे यंत्र असते, बकेटच्या खांबावर तो टिपणारे, आणि त्यावरून हायड्रॉलिकचा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो-मिटतो. त्याला 50 एचपीच्या आसपासचा, तेलाची जादा जोडणी असलेला ट्रॅक्टर लागतो. एक हेक्टर जमीन सरासरी एक सेंटीमीटर जरी खाली घ्यायची म्हटली, तरी 100 घनमीटर माती हलवावी लागते, यावरून या कामाचा आवाका कळेल. ते एप्रिल-मेमध्ये, गहू निघाल्यावर करावे. शेत ताटासारखे सपाट करू नये, कारण सोयाबीनला पाणी साचलेले चालत नाही. 100 मीटरला वीस-तीस सेंटीमीटर उतार नाल्याकडे ठेवावा. जिथे थोड्याच खोलीवर मुरूम आहे, तिथे वरची काळी माती आधी बाजूला ओढून, शेवटी परत पसरावी.

खरेदीपूर्वी आपल्या मॉडेलचा तपासणी अहवाल जरूर पाहावा. ट्रॅक्टरांची तपासणी करणारी केंद्र सरकारची संस्था आपल्याच मध्य प्रदेशात, बुदनीला आहे. माहितीपत्रकात छापलेली उचलक्षमता बहुतेकदा खालच्या हातांच्या टोकाशी मोजलेली असते, पण अवजाराचे वजन त्याच्या बरेच मागे असते. अहवालात टोकापासून 610 मिलिमीटर मागे मोजलेला आकडाही मिळतो, आणि तो कमी असतो. हिशेब त्याच आकड्यावर करावा. अनुदान हवे असेल तर ई-कृषी यंत्र अनुदान पोर्टलवर ते अवजार यादीत आहे का, हे पैसे देण्याआधी बघून घ्यावे.

दुकानात जाताना ट्रॅक्टरच्या खालच्या हातांच्या भोकांचे माप घेऊन जावे. जोडणीच्या मापावरून अवजारांच्या कॅटेगरी ठरतात: कॅटेगरी एकच्या अवजाराला खालची पिन 22 मिलिमीटरची असते, कॅटेगरी दोनला 28 मिलिमीटरची. 28च्या भोकात 22ची पिन बुश (भोकातली मोकळी जागा भरणारी नळी) न घालता बसवली, तर ती खडखडत राहते आणि भोक झिजवते. म्हणून बुश बिलातच लिहून घ्यावेत आणि ब्लेड ट्रॉलीत चढवण्यापूर्वी तिथल्या तिथे आपल्या ट्रॅक्टरला लावून, पूर्ण वर उचलून, दहा मिनिटे तसेच धरून बघावे. तेवढ्यात ते खाली उतरू लागले तर दोष ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये आहे, आणि आधी तो दुरुस्त करून घ्यावा.