हिवाळ्यात अंदमानला पक्षी पाहायला जाताय? या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की पुण्या-मुंबईचे पक्षीमित्र अंदमानला निघतात आणि तिथे दरवर्षी त्याच चुका करतात.

सगळ्यात जास्त संताप येतो तो स्पीकरचा. दक्षिण अंदमानातल्या चिडिया टापूला एका संध्याकाळी एका गटाने गाडीच्या बॉनेटवर स्पीकर ठेवून अंदमानी स्कॉप्स घुबडाचा आवाज लावला. घुबड लगेच आलं. तरी आवाज बंद होईना, कारण कुणाचा तरी फोटो हलला होता. डोळ्यांवर टॉर्चचे झोत, आणि ते बिचारं न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला शोधत या फांदीवरून त्या फांदीवर. हा गट हलतो न हलतो तोच दुसरा आला आणि पुन्हा तीच क्लिप! आपल्या हद्दीत कुणी घुसलंय असं वाटून घुबड शिकार सोडून भांडायला येतं. एका फोटोपायी त्याची रात्र नासवायची नाही. मी अंधार पडायच्या आधी रस्त्याच्या कडेला जाऊन बसते, टॉर्च बंद. बहुतेकदा घुबड आपणहून बोलतं. नाही बोललं तर उठून परत येते. एवढा धीर नसेल त्याने घुबडांच्या वाटेला जाऊ नये.

घड्याळ आपलंच असलं तरी डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारची झोप काढून चारला निघालात तर हाती काही लागत नाही.

सिप्पीघाटच्या पाणथळीला गाडीतूनच फोटो काढून पुढे पळू नका. २००४च्या भूकंपात इथली जमीन खचली, भातशेतीत खारं पाणी शिरलं आणि तिथे आता हिवाळी पाहुणे उतरतात. लेसर की ग्रेटर सँड प्लोव्हर (चिखलात चरणारे, एकमेकांसारखे दिसणारे दोन छोटे पक्षी), हे लांबच्या एकट्या पक्ष्यावरून ठरवू नका. दोन्ही शेजारी येईपर्यंत थांबा. ग्रेटरची चोच लांब, टोकाकडे निमुळती आणि पायही लांब. लेसरची चोच आखूड, बोथट. भरतीची वेळ पाहून गेलात तर पांगलेले पक्षी जवळ गोळा झालेले मिळतात.

फिकट डोक्याचा भारद्वाज दिसला तर ‘रंग उडालेला’ म्हणून सोडू नका. तो अंदमानचाच, वेगळ्या जातीचा.

खाडीकाठी पाण्यालगत बसू नका. मगरी आहेत.

आणि नारकोंडमचा धनेश सहलीत ‘जमवून टाकू’ म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. जेमतेम सात चौरस किलोमीटरच्या त्या एकाच बेटावर तो राहतो आणि तिथे परवानगीशिवाय उतरता येत नाही. आधी परवानगीचा कागद पाहा.