फिश टँकच्या वायरी: पाणी प्लगपर्यंत पोहोचू देऊ नका

टाकीतून निघालेली वायर सरळ प्लगकडे उतरत असेल, तर तिच्यावरचे थेंब ओघळत थेट सॉकेटात जातात. म्हणून प्रत्येक वायरीला सॉकेटच्या पातळीखाली एक झोळ द्या. पाणी त्या सर्वांत खालच्या वळणावरून ठिबकेल, पुढे चढणार नाही. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर नको, स्टँडच्या बाजूला उंचावर स्क्रूने बसवा. वायरी नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून हा झोळच आवळून टाकला, की सगळा खटाटोप वाया. बांधायला वेल्क्रोची पट्टी बरी, फिल्टर धुवायला काढताना पटकन सुटते.

प्लगवर चिकटपट्टी लावून ‘हीटर’, ‘फिल्टर’, ‘लाइट’ लिहा. पाणी बदलताना हे कामी येतं, कारण तापलेला हीटर उघडा पडला तर त्याची काच तडकू शकते. तो बंद केल्यावरही पंधरा-वीस मिनिटं थांबा, मगच पाणी काढा. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. जमत नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात शिरतं.

टाकीत हात घालण्यापूर्वी सगळे प्लग काढा. आणि या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. नुसता एमसीबी (जादा भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पडणारा स्विच) शॉकपासून वाचवत नाही.