एसएनएफ काढायला सभासद कशाला?

गावच्या दूध डेअरीचं सॉफ्टवेअर रूबी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिताना सगळी गणितं मी 'सभासद' क्लासात, म्हणजे ज्या साच्यातून एकेका सभासदाचा ऑब्जेक्ट बनतो त्यात, कोंबली होती. डिग्री (लॅक्टोमीटरचं रीडिंग) आणि फॅटवरून एसएनएफ, म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक, काढायची मेथडसुद्धा (मेथड म्हणजे नाव दिलेलं एक काम). ती तपासायची तर आधी एक सभासद जन्माला घालावा लागे. म्हणून खाते क्रमांक ९९९ उघडला, नाव 'टेस्ट आबा'. दहा दिवसांनी बिलं छापली तर आबांचंही निघालं, शून्य रुपयांचं. सचिव विचारतात, हे कुठल्या वस्तीवरचे?

तेव्हापासून मेथड कुठे ठेवायची हे तिच्या पोटात बघून ठरवतो. आमच्याकडचं सूत्र असं: डिग्री भागिले ४, अधिक फॅट गुणिले ०.२५, अधिक ०.४४. डिग्री २८ आणि फॅट ४ असेल तर ७ + १ + ०.४४, म्हणजे ८.४४. दूध कुणीही घालो, उत्तर तेच. ॲटच्या चिन्हाने सुरू होणारं, म्हणजे ऑब्जेक्टची स्वतःची माहिती ठेवणारं, एकही व्हेरिएबल यात नाही. अशी मेथड 'दूधगणित' मॉड्यूलमध्ये (मेथड एकत्र ठेवायची जागा, जिचे ऑब्जेक्ट बनत नाहीत) हलवा आणि मेथड सुरू करणाऱ्या 'डेफ' शब्दानंतर, नावाआधी 'सेल्फ.' लावा. ते राहिलं तर 'दूधगणित.एसएनएफ' म्हणताच नो-मेथड-एरर येतो. नुसत्या डेफची मेथड मॉड्यूलला स्वतःला मिळत नाही; ज्या क्लासात मॉड्यूल इन्क्लूड कराल, म्हणजे जोडाल, त्याच्या ऑब्जेक्टांना मिळते. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली.

दरवेळी सेल्फ लिहायचा कंटाळा असेल तर वर एकदा 'मॉड्यूल_फंक्शन' लिहून भागतं. गोम एवढीच, की मग मेथडच्या दोन प्रती होतात आणि ऑब्जेक्टकडे जाणारी प्रत प्रायव्हेट असते. 'आबा.एसएनएफ' असं बाहेरून म्हणता येत नाही.

मग हुरूप आला आणि 'उचल_कापा' पण मॉड्यूलमध्ये टाकली. तिला सभासद द्यायचा, आत त्याची बाकी, त्याची उचल, त्याचं पशुखाद्य एकेक त्याच्याच खिशातून काढायचं आणि उरलेली रक्कम परत त्याच खिशात ठेवायची. पहिला पॅरामीटर कायम तोच ऑब्जेक्ट आणि बदलतंयही त्याचंच काही, तर ती इन्स्टन्स मेथडच, म्हणजे क्लासात राहणारी आणि ऑब्जेक्टवरून बोलवायची. आता सरळ 'आबा.उचल_कापा(५००)'.

दरपत्रकाने मात्र दमवलं. दर काढणं वरवर एसएनएफसारखंच वाटतं, पण पत्रक बदलत राहतं, शिवाय गाय-म्हैस वेगळं. शेवटी त्याचा वेगळा क्लास केला, प्रत्येक पत्रकाचा एक ऑब्जेक्ट. मागचं बिल पुन्हा काढायला कुणी आलं, की त्या तारखेचं पत्रक पुढे करतो.