रेकॉर्डिंग आपलं, नाव भलत्याचंच: अशा वेळी काय करायचं

मागच्या श्रावणात, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या उत्सवाच्या आदल्या रात्री, सासूबाई आणि शेजारच्या दोघी ओसरीवर गाणी म्हणत बसल्या होत्या. मी मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला आणि सगळं टिपलं. पंधरा दिवसांनी धुळ्याहून नणंदेने एक व्हिडिओ पाठवला. गाणं तेच, कोपऱ्यातलं माझं नाव कापलेलं आणि खाली कुणा अनोळखी चॅनलचं नाव. सासूबाईंना ऐकवलं तर त्या चमकल्याच. "हाऊ आवाज तं मन्हाच शे!" आमच्या अहिराणी बोलीत, हा आवाज तर माझाच आहे!

दुसऱ्या मिनिटाला आमची शेळी ओरडते आणि आत स्वयंपाकघरात ताट पडतं. नाव कापणाऱ्याला ते दोन आवाज काही काढता आले नव्हते. माझा सगळ्यात मोठा पुरावा तोच ठरला. तेव्हापासून अमळनेर, पारोळा, चोपडा भागातल्या व्हिडिओ-फोटो टाकणाऱ्या बायका-पोरं मला विचारत असतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आधी आपलं काय आणि सगळ्यांचं काय, हे डोक्यात पक्कं करा. कानबाईचं गाणं माझं नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. शिरपूरची कुणी बाई तेच गाणं म्हणून टाकेल तर तिला मी अडवू शकत नाही. माझं आहे ते त्या रात्रीचं रेकॉर्डिंग. शेवभाजीचंही तसंच. खोबरं-कांदा भाजून वाटायची रीत कुणाच्या मालकीची नाही, पण तुम्ही तुमच्या शब्दांत लिहिलेली कृती, तुमचा फोटो, तुमचा व्हिडिओ तुमचाच. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने हा हक्क ती गोष्ट तयार होते त्याच क्षणी मिळतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही.

यात आपल्याकडून नेहमी एक गोष्ट राहून जाते. गाणाऱ्या बाईचाही हक्क असतो. कायदा तिला कलाकार म्हणून ५० वर्षांचा हक्क देतो. मी आता रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच प्रत्येकीकडून नाव, गाव आणि "टाकायला माझी परवानगी आहे" एवढं बोलून घेते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, त्यांच्या कविता उतरवून जपल्या, म्हणून त्या नावासकट आपल्यापर्यंत आल्या. आपल्या गावोगावच्या किती आज्यांची नावं अशीच गळून गेली असतील, या विचाराने मला फार वाईट वाटतं.

आता मूळ फाइलबद्दल. मोबाइल भरला की आपण पहिल्यांदा काय पुसतो? टाकून झालेला व्हिडिओ! तो पुसू नका. टाकलेली प्रत कुणीही उतरवून घेऊ शकतो, पण कॅमेऱ्यातून निघालेली, न कापलेली, तारखेची मूळ प्रत फक्त तुमच्याकडे असते. एक प्रत हार्ड डिस्कवर, एक गूगल ड्राइव्हवर, फोल्डरला तारीख आणि गावाचं नाव. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो लहान होतो आणि आतली तारीख-कॅमेऱ्याची माहितीही निघून जाते. मूळ प्रत पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि नाव कोपऱ्यात घालू नका, कोपरा कापायला दोन सेकंद लागतात. मी ते फिक्या अक्षरात चित्राच्या मधोमध घालते, शिवाय मध्येच एकदा आवाजातही नाव घेते.

पैशाचा व्यवहार असेल तर कागद करा. आपल्या रेकॉर्डिंगचे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. किती वर्षांसाठी ते लिहिलं नाही तर कायदा ५ वर्षं धरतो. कुठल्या भागासाठी ते लिहिलं नाही तर सगळा भारत. लग्नाचे फोटो काढणाऱ्या मुलांनी तर हे नीटच ऐका: कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळं काही ठरलं नाही, तर त्या फोटोंचा हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. तेव्हा बिलावर दोन ओळी लिहून सही घ्या.

चोरी शोधायला महिन्यातून अर्धा तास पुरतो. आपल्या लेखातलं एखादं वेगळं वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर टाका. अहिराणी ओळ असेल तर काम आणखी सोपं, कारण तशीच्या तशी ओळ दुसरीकडे सापडणं कठीण. फोटोसाठी गूगल लेन्स.

आणि सापडलीच तर? राग येतोच, मलाही आला होता. पण आधी खाली कमेंटमध्ये जाऊन भांडू नका. तो पुसेल आणि दुसऱ्या नावाने पुन्हा टाकेल. आधी स्क्रीनशॉट घ्या: लिंक, तारीख, चॅनलचं नाव, सगळं दिसलं पाहिजे. मग शांतपणे बघा, ही खरंच चोरी आहे का. आपली पोस्ट शेअर केली तर आपलं नाव सोबत राहतं, ती चोरी नव्हे. परीक्षणात किंवा बातमीत छोटा तुकडा वापरायलाही कायद्यात जागा आहे.

चोरीच असेल तर एक सभ्य निरोप पाठवा, दोन दिवसांची मुदत द्या. पुष्कळदा समोर कॉलेजातलं पोर असतं आणि तेवढ्यावर व्हिडिओ काढतं. माझ्या बाबतीत उत्तरच आलं नाही, म्हणून यूट्यूबकडे तक्रारीचा अर्ज भरला. पहिला अर्ज परत आला, कारण मी लिहिलं होतं, "हे गाणं माझं आहे." दुसऱ्यात लिहिलं, "हे रेकॉर्डिंग मी केलं आहे, मूळ प्रत माझ्याकडे आहे, अमुक मिनिटाला शेळीचा आवाज आहे." चौथ्या दिवशी व्हिडिओ उतरला.

यूट्यूबवर अर्जात खरं नाव द्यावं लागतं आणि समोरच्याला ते दिसू शकतं. त्याने उलट दावा केला तर तुम्हाला कामकाजाचे १० दिवस मिळतात. तेवढ्यात कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येतो. दुसऱ्या कुठल्या साइटवर असेल तर २०१३च्या कॉपीराइट नियमांतला नियम ७५ लिहून तक्रार पाठवा. तक्रार योग्य वाटली तर साइटने ३६ तासांत मजकूर बंद करायचा असतो, तोही २१ दिवसांसाठी; त्या मुदतीत कोर्टाचा आदेश आणावा लागतो.

कोर्टाचं नाव ऐकून घाबरू नका. आपण राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावायची सोय याच कायद्याच्या कलम ६२मध्ये आहे. जाणूनबुजून केलेल्या चोरीला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे.

कॉपीराइटची नोंदणी सगळ्याची करत बसू नका. पण ज्या गोष्टीवर वर्षं घालवलीत, तिची जरूर करा. लेखनाला ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाला २,०००, अर्ज ऑनलाइन. आधी ३० दिवस हरकतींची वाट बघतात, मग तपासणी. ते प्रमाणपत्र कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरलं जातं. सासूबाईंच्या ओव्यांच्या वहीचा अर्ज मी गेल्या आठवड्यात भरला. त्याची पावती वहीच्या पहिल्या पानाला टाचून ठेवली आहे.